भाऊ दाजींचे न सांगितलेले औषध

मुंबईच्या राणीच्या बागेत सुट्टीच्या दिवशी जी गर्दी लोटते ती प्राणी पाहायला. बागेच्या आवारातच उभ्या असलेल्या देखण्या वस्तुसंग्रहालयाकडे त्यातले थोडेच लोक वळतात. आत गेलेल्यांचे लक्ष मातीच्या बाहुल्या, जुन्या मुंबईचे नकाशे, हस्तिदंती नक्षीकाम आणि सोनेरी मुलाम्याचे खांब वेधून घेतात. या इमारतीला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी शंभर वर्षे ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखली जात होती.

भाऊ दाजी म्हटले की जाणत्या वाचकाला आठवतात ते अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे संशोधक, कालिदासाच्या काळाचा वाद मांडणारे पंडित आणि मुंबईचे नगरपाल. ज्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे त्याचा उगम मात्र कलावस्तूंतून झालेला नाही. तो झाला साली, मुळ्या, बिया, डिंक, तेले आणि धागे यांच्या नमुन्यांतून. पश्चिम भारताच्या मातीत काय पिकते, रानात काय सापडते, त्याचा औषधाला आणि व्यापाराला काय उपयोग होतो, हे एका छताखाली पाहता यावे, यासाठी ते संग्रहालय जन्माला आले. त्याच्या पहिल्या समितीचे चिटणीसपद सांभाळणारे भाऊ दाजी स्वतः वनौषधींचे अभ्यासक होते. त्या अभ्यासातील त्यांचे यश आणि त्या यशाला लागलेले एक गालबोट या दोन्हींची आठवण आज औषधी वनस्पतींची बाजारपेठ फोफावत असताना मुद्दाम ठेवायला हवी.

मांद्र्याहून मुंबईला

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म आजच्या गोव्यातील पेडणे महालात मांद्रे येथे झाला. जन्माचे वर्ष सामान्यतः १८२२ मानतात. काही चरित्रांत ते १८२४ दिलेले आढळते. घरची स्थिती बेताची होती. मातीच्या बाहुल्या विकून कुटुंबाचा चरितार्थ चाले. लहानग्या भाऊचे बुद्धिबळातील कौशल्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले आणि त्याने वडिलांना या मुलास इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह केला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांतून येते. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊ दाखल झाले आणि बक्षिसे व शिष्यवृत्त्या मिळवत त्यांनी वडिलांवरचा खर्चाचा भार हलका केला. थोड्याच काळात वडील निवर्तले. आई आणि धाकटा भाऊ नारायण यांची जबाबदारी कोवळ्या वयात त्यांच्यावर आली.

कच्छ-काठियावाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव मुंबईच्या सुशिक्षितांत घेतले जाऊ लागले. एल्फिन्स्टनमध्येच ते शिक्षक झाले. पण १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच त्यांनी पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचे ठरवले. त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग त्यांचे सहाध्यायी. १८५१ साली भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय मांडला. हाताला यश होते आणि वागण्यात आपुलकी होती. थोड्याच वर्षांत त्यांचा जम बसला. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साह्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला.

भाऊंचा पिंड निव्वळ डॉक्टरकीत रमणारा नव्हता. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कामात ते पुढे होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी परिश्रम घेतले. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या फेलोंमध्ये त्यांचा समावेश झाला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे शोधनिबंध एकामागून एक येऊ लागले. जुनागढचे, अजिंठ्याचे शिलालेख, आर्यभट आणि वराहमिहिर यांचे काळ, कालिदासाची तिथी हे विषय त्यांनी हाताळले. या साऱ्या कामाची त्यांची एक शिस्त होती. लेखाची नक्कल अचूक हवी, मूळ दगड कोठे आहे ते सांगितले पाहिजे, वाचन दुसऱ्याला पडताळून पाहता आले पाहिजे. ही शिस्त ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या औषधाची गोष्ट याच्या नेमकी उलट घडली.

बराकीतले नमुने

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या संग्रहालयांचे वारे वाहत होते. लंडनजवळ क्यू येथील बागेत विल्यम हूकर यांनी १८४७ साली असे संग्रहालय उभे केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातील कच्च्या मालाने लोकांचे डोळे दिपवले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून नमुने गोळा करण्यात आले, तेव्हा पाठवायच्या वस्तूंची एकेक प्रत मुंबईतच ठेवावी, असा विचार पुढे आला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने सरकारी मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले आणि कोटातील बराकींत ते मांडण्यात आले.

वसाहतीत कोणता माल स्वस्त मिळतो, तो कोठे खपवता येईल, याची चाचपणी करणे हा या उद्योगामागचा साम्राज्याचा हेतू उघड होता. तरीही त्यातून देशी लोकांच्या हाती एक साधन येत होते. ज्या मुळीला रत्नागिरीत एक नाव, खानदेशात दुसरे आणि गुजरातेत तिसरे, ती मुळी एका बरणीत एका क्रमांकाखाली आली की तिच्याविषयी बोलणाऱ्या तिघांनाही आपण एकाच वस्तूविषयी बोलतो आहोत याची खात्री पटत असे.

१८५७ च्या उठावाने या संग्रहालयावर संकट आणले. बराकी गोऱ्या सैनिकांसाठी हव्या होत्या. नमुने घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवण्यात आले आणि त्यात त्यांची बरीच नासधूस झाली. उरलेल्या संग्रहाची जबाबदारी आली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातील तरुण प्राध्यापक जॉर्ज बर्डवूड यांच्याकडे. १८५८ च्या अखेरीस मुंबईत सभा भरली आणि राणीच्या नावाने एक कायमचे संग्रहालय व वनस्पतिउद्यान उभारण्याचा संकल्प सुटला. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून यांच्यासारखे धनिक त्यामागे उभे राहिले. समितीच्या चिटणीसाचे काम भाऊ दाजींनी पत्करले.

पायाभरणी १८६२ साली झाली. त्याच वर्षी बर्डवूड यांनी संग्रहालयातील वनस्पतिजन्य कच्च्या मालाची सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि १८६५ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती काढली. औषधी द्रव्ये, डिंक आणि राळ, तेलबिया, रंग, धागे, लाकूड अशा वर्गांत मुंबई इलाख्याचे वनस्पतिधन तिच्यात नोंदले गेले. पुढे कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्ये फुटला, मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, वर्गण्यांचा ओघ आटला आणि अर्धवट बांधकाम रखडले. अखेर सरकारने खर्चाचा भार उचलला आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. संकल्पापासून उद्घाटनापर्यंत तेरा-चौदा वर्षे गेली. भाऊ दाजींनी ते उभे राहिलेले पाहिले. पण त्यानंतर त्यांच्या हाती दोनच वर्षे होती.

झाडाला मिळालेले नाव

या काळात भाऊंचे नाव एका झाडालाही मिळाले. ती हकिकत संग्रहालय आणि उद्यान यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते सांगून जाते.

अरबी लोक ज्याला लुबान म्हणतात तो सुगंधी डिंक शतकानुशतके मुंबईच्या बंदरातून जगभर जात असे. आपल्या डोंगरांतील सालईचा तो भाऊबंद. बाजारात ढिगांनी विकला जाणारा हा डिंक नेमका कोणत्या झाडाचा, याविषयी शास्त्रज्ञांत मात्र एकमत नव्हते. डिंकाच्या खड्याला पान नसते, फूल नसते. त्याच्यावरून झाड ओळखायचे कसे? सोमाली किनाऱ्यावरून आणलेली रोपे मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानात वाढवण्यात आली. ती वाढली तेव्हा बर्डवूड यांना त्यांचे निरीक्षण करता आले. लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे १८७० च्या सुमारास त्यांनी आपला निबंध मांडला आणि बॉस्वेलिया या कुळातील तीन नव्या प्रजातींचे वर्णन केले. एकीला अरबस्तानातील ऊदाच्या झाडाचा अभ्यास करणारे हेन्री जॉन कार्टर यांचे, दुसरीला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे आणि तिसरीला भाऊ दाजींचे नाव दिले. बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना हे ते नाव. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि संशोधकांच्या नावांनी भरलेल्या त्या काळच्या वनस्पतिशास्त्रात एका मराठी डॉक्टरचा असा गौरव होणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे वनस्पतिशास्त्राच्या न्यायालयात या नावाचा टिकाव लागला नाही. आज ही प्रजाती स्वतंत्र मानली जात नाही. १८६७ साली फ्लुकिगर यांनी वर्णन केलेल्या बॉस्वेलिया सॅक्रा या प्रजातीतच तिचा समावेश करतात आणि आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार भाऊंचे नाव पर्यायी नावांच्या यादीत जाऊन बसले आहे. पण हा निर्णय शक्य झाला तो वर्णन छापलेले होते आणि त्याची इतर नमुन्यांशी तुलना करता येत होती म्हणून. चूक असली तरी ती तपासता येते आणि दुरुस्त करता येते, हेच अशा संग्रहांचे सामर्थ्य. दडवून ठेवलेल्या ज्ञानाला ही संधी मिळत नाही.

कडू कवठ

भाऊ दाजींनी संस्कृत वैद्यक ग्रंथांचे परिशीलन केले होते. प्राचीनांनी ज्या द्रव्यांची तोंड भरून स्तुती केली त्यांचा प्रत्यक्ष रोग्यावर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा त्यांनी ध्यास घेतला. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेल्या त्या पिढीत हे धाडसाचे होते. नव्या विद्येने भारावलेले जुन्या औषधांना हसत आणि जुन्या परंपरेतले लोक तपासणीची गरजच मानत नसत. भाऊंनी दोन्हींच्या मधली अवघड वाट धरली. या वाटेवर त्यांचे लक्ष सर्वाधिक खिळले ते कुष्ठरोगावर.

त्या काळी महारोग किंवा रक्तपिती म्हणून ओळखला जाणारा हा रोग म्हणजे जिवंतपणीचे मरण होते. रोग्याला घरातून, गावातून, देवळातून बाहेर काढले जाई. रोगाचे कारण अज्ञात होते. नॉर्वेच्या आर्मॉर हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधला तो १८७३ साली, भाऊंच्या निधनाच्या आदल्या वर्षी. मुंबईत त्याच सुमारास हेन्री व्हँडाइक कार्टर हे डॉक्टर या रोगाचा पद्धतशीर अभ्यास करत होते. शरीररचनाशास्त्राच्या ग्रेच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. औषध असे मात्र कोणाकडेच नव्हते.

भाऊ दाजींकडे औषध आहे, अशी वार्ता मुंबईत पसरली. रोग्यांना उतार पडतो असा बोलबाला झाला आणि त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली. हे औषध होते कडू कवठाच्या बियांचे तेल. कोकणात आणि गोव्यात याच झाडाला खष्ट असेही म्हणतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ओढ्यानाल्यांच्या काठी हे झाड वाढते. त्याचे फळ कवठासारखे गोल आणि कठीण कवचाचे असते. ओढ्यात टाकले तर मासे गुंगून वर येतात आणि त्यावरूनच त्याला पूर्वी दिलेल्या शास्त्रीय नावात धुंदी आणणारे अशा अर्थाचा शब्द होता. आज शास्त्रज्ञ त्याला हिडनोकार्पस पेंटँड्रा म्हणतात. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या भूमीवर वाढणाऱ्या तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन येते आणि त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितलेले आहे. तुवरक म्हणजे हेच कडू कवठ, असे अभ्यासक मानतात. भाऊंचे जन्मगाव मांद्रेही त्याच पश्चिम समुद्राच्या काठी आहे.

मात्र हे सारे आपण आज सांगू शकतो ते मागाहून जमलेल्या माहितीवरून. आपल्या औषधाचे नाव भाऊ दाजींनी हयातीत जाहीर केले नाही. त्याची मात्रा, देण्याची रीत, किती रोग्यांना दिले, कितींना गुण आला, किती दिवस टिकला, याचा सविस्तर वृत्तान्त त्यांच्या लेखणीतून वैद्यकीय जगाला मिळाला नाही. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पन्नाशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती. पुढे पश्चिम भारतातील औषधी द्रव्यांची नोंद करणाऱ्या ग्रंथकारांनी कडू कवठाच्या नोंदीत भाऊ दाजींच्या उपचाराचा उल्लेख केला आणि गुपित उलगडले. पण तोवर प्रयोग करणारा माणूस गेला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा अनुभवही.

गुपिताचा हिशेब

भाऊंना दोष देणे सोपे आहे. पण त्यांचा काळ आणि त्यांचा स्वभाव पाहता ते न्याय्य ठरणार नाही. धर्मार्थ दवाखाना चालवणाऱ्या या माणसाने केवळ पैशासाठी औषध दडवले असेल, असे मानायला आधार नाही. औषधाची पुरती खात्री होण्यापूर्वी ते जाहीर करावे की नाही हा प्रश्न आजच्या डॉक्टरलाही पडतो. त्या काळी तर औषध जाहीर होताच भोंदू लोक त्याच्या बाटल्या भरून बाजारात बसले असते. सत्य बोलण्याचे धैर्यही भाऊंकडे कमी नव्हते. १८६२ साली गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात, समाजातील धनाढ्य आणि कर्मठ लोकांचा रोष ओढवेल हे ठाऊक असूनही, पत्रकार करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. न्यायालयात जे कोणी उघडपणे बोलायला धजत नव्हते ते बोलणारा माणूस एका औषधाविषयी गप्प राहिला, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रात कायमचा उरला आहे.

या मौनाची किंमत काय पडली, हे समजण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते पाहावे लागते. कलकत्त्याला डॉ. फ्रेडरिक मूअट यांनी १८५४ साली चौलमुग्रा नावाच्या तेलाचा कुष्ठरोगावरील गुण वैद्यकीय जगापुढे मांडला. चौलमुग्रा म्हणजे आपल्या कडू कवठाचाच ब्रह्मदेश-आसामकडचा नातलग. मूअट यांनी आपले औषध उघड केले, त्यामुळे ते युरोपपर्यंत पोचले. पण तेथे वेगळीच अडचण निघाली. हे बी ज्या झाडाचे म्हणून रॉक्सबर्ग यांच्या काळापासून ग्रंथांत लिहिले जात होते ते झाडच मुळी निराळे होते. बाजारात येणारे बी एकाचे आणि पुस्तकातले वर्णन दुसऱ्याचे, असा घोळ शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. १८९९ साली पॅरिसमध्ये देप्रे यांनी बियांची रचना तपासून शंका काढली आणि कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी थोड्याच काळात खरे झाड निश्चित केले. बाजारातले बी आणि वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हाच हे कोडे सुटले.

त्यानंतर संशोधनाची गाडी वेगाने पुढे गेली. लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४-०५ मध्ये या तेलांतील विशिष्ट आम्ले वेगळी केली. पॉवर यांच्या तपासात चौलमुग्राबरोबर कडू कवठही होते. तेल पोटात घेतले तर असह्य मळमळ होई आणि टोचले तर ते शरीरात भिनत नसे. हवाईमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ अॅलिस बॉल हिने १९१५ च्या सुमारास ते टोचता येईल अशा स्वरूपात आणले. आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच चोविसाव्या वर्षी ती वारली आणि काही काळ तिच्या पद्धतीचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर राहिले. भारतात पुढील दोन दशकांत कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून कडू कवठाचे तेल मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, कारण ते देशातच मिळत होते आणि शुद्ध मिळत होते. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली, १९८० च्या दशकात एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तेलांचे युग संपले.

म्हणजे भाऊ दाजींचे औषध हा अखेरचा उपाय नव्हता. त्याने काही रोग्यांना काही काळ आराम दिला असेल. सर्वांना बरे केले नसेल. पण अर्धशतकानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या दिशेने काम झाले, त्या दिशेचे एक पाऊल मुंबईत आधीच पडले होते. ते पाऊल कागदावर उमटले असते तर पुढच्यांना वाट शोधायला सोपे गेले असते, एवढे तरी निश्चित म्हणता येते. भाऊंचे पुरातत्त्वविषयक लेख १८८८ साली कलकत्त्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांची हस्तलिखिते आजही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने जपलेली आहेत. त्यांच्या शिलालेख-वाचनावर आजचा संशोधक मतभेद नोंदवू शकतो, कारण ते वाचन समोर आहे. त्यांच्या वैद्यकीय अनुभवावर मतभेदही नोंदवता येत नाही.

बरणीवरची चिठ्ठी

भायखळ्याच्या संग्रहालयाचे रूप कालांतराने पालटले. कच्च्या मालाची जागा हळूहळू कारागिरीच्या वस्तूंनी आणि मातीच्या प्रतिकृतींनी घेतली. मधल्या काळात इमारतीला आलेली अवकळा मोठ्या जीर्णोद्धाराने दूर झाली आणि २००८ साली ती नव्या झळाळीने पुन्हा उघडली. वनस्पतींच्या नोंदी ठेवण्याचे काम मात्र इतरत्र चालू राहिले. मुंबईच्याच सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. दिल्लीत सीएसआयआरच्या संस्थेत कच्च्या मालाचे हर्बेरियम आणि संग्रहालय आहे. तेथे वाळवलेल्या वनस्पतींच्या पत्रांबरोबर बाजारात मिळणाऱ्या मुळ्या, साली, बिया, डिंक यांचे नमुनेही जपून ठेवलेले असतात. एखाद्या संशोधकाने किंवा औषध कारखान्याने आणलेली वस्तू खरोखर तीच आहे का, हे त्यांच्याशी ताडून सांगता येते.

या कामाची गरज काय, असे ज्याला वाटते त्याने कोणत्याही शहरातील काष्ठौषधींच्या दुकानात डोकावावे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली शोभेसाठी लावलेल्या उंच, सरळसोट आसुपालवाची साल विकली जाते. नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या खपतात. ब्राह्मी म्हणून कोणी एक वनस्पती देतो, कोणी दुसरीच. यांतली प्रत्येक अदलाबदल लबाडीनेच होते असे नाही. बऱ्याचदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. रोग्याच्या पोटात मात्र वेगळेच काही जाते, आणि गुण आला नाही की दोष त्या औषधाला लागतो, जे त्याला मिळालेलेच नसते.

वाळलेली फांदी, तिच्याखाली गावाचे नाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याची सही. शेजारी बरणीत त्याच झाडाचे बी. इतकीच ही साधी व्यवस्था. तिच्यात चमत्कार नाही. पण औषधाला ओळख देणारी आणि त्याचा गुण-अवगुण पिढ्यान्‌पिढ्या तपासत राहण्याची सोय करणारी दुसरी व्यवस्था माणसाला अद्याप सापडलेली नाही. घराण्यात चालत आलेले, कानात सांगितलेले, मरताना मुलाला दिलेले औषध आपल्याकडे अजूनही कौतुकाने सांगितले जाते. असे किती ज्ञान सांगणाऱ्याबरोबर सरणावर गेले असेल, याची गणती नाही.

भाऊ दाजींनी मुंबईला ही व्यवस्था मिळवून देण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली. सभा भरवल्या, समितीचे काम पाहिले, नमुने गोळा करणाऱ्यांच्या पाठीशी ते उभे राहिले. एका झाडाला त्यांचे नाव लागले ते याच कामामुळे. त्यांनी उभारलेल्या संग्रहात सह्याद्रीच्या ओढ्याकाठचे ते कडू बी त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील चिठ्ठीसह ठेवले गेले असते, तर त्यांच्या साऱ्या कार्यात तीच नोंद कदाचित सर्वांत मोलाची ठरली असती. त्यांनी घडवलेली संस्था आपल्याला हाच धडा देते, आणि तो देण्याचा मानही त्यांचाच आहे.